पालिकेचा दंड, पगारातून वळता : कायदा काय सांगतो?

मंचर हे बाजाराचे गाव. पुणे-नाशिक रस्त्यावरची दुकाने, बाजार समितीचे आवार, हॉटेले, बेकऱ्या, गॅरेज आणि भाजीपाला घेऊन पुण्या-मुंबईकडे जाणारे टेम्पो, या सर्वांवर हजारो माणसांचे पोट चालते. पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. स्वच्छतेचे नियम आले आणि त्यांच्याबरोबर दंडाच्या पावत्याही आल्या. कचरा होऊ नये, रस्ता स्वच्छ राहावा, याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न निराळाच आहे. पावती फाडली जाते दुकानाच्या नावाने, पैसे भरतो मालक आणि महिनाअखेर ती रक्कम वळती होते नोकराच्या पगारातून. नोकराने विचारले तर उत्तर ठरलेले असते, "कचरा तू टाकलास, दंड तूच सोस."

हे उत्तर ऐकायला रास्त वाटते, पण कायद्याच्या कसोटीला ते उतरते का? नोकर आणि मालक दोघांनीही हे समजून घ्यावे, म्हणून आजचा हा धडा.

रक्कम लहान नसते

दंड म्हणजे शंभर-दोनशे रुपये, त्यासाठी एवढा ऊहापोह कशाला, असे काही जण म्हणतील. मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत रस्त्यावर कचरा टाकण्यास २०० रुपये दंड ठरला होता. भाजीचा टेम्पो खाली करून पाला तेथेच झाडून टाकणाऱ्या ड्रायव्हर-क्लिनरला दोनशे रुपये म्हणजे अर्ध्या दिवसाची कमाई. प्लॅस्टिकचा दंड तर त्याहून फार मोठा आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक व थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली. तीत पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये आणि तिसऱ्यास २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद असा दंड ठरवला गेला. काउंटरवर उभ्या असलेल्या पोराने गिऱ्हाइकाला पातळ पिशवीत माल दिला, तपासणी झाली आणि ५,००० रुपयांची पावती झाली, तर ती रक्कम कोणाच्या खिशातून जावी? पिशव्या मालकाने आणलेल्या, गल्ला मालकाचा, आणि कापला जातो बारा हजारांवर राबणाऱ्या पोराचा पगार. त्या महिन्यात त्याच्या घरचे भाडे आणि किराणा दोन्ही अडतात.

हा कायदा आला कोठून?

पगारातून दंड कापण्याचे दुखणे जुने आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकराच्या हातून कापड खराब झाले की तेच कापड त्याच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची चाल होती. उशिरा आला, दंड. बोलला, दंड. ही रक्कम कोठे जाते याचा हिशेब कामगाराला कोणी देत नसे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगापुढे हा विषय आला. कामगार पुढारी ना. म. जोशी हे या आयोगाचे सदस्य होते. आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला, त्यावरून १९३६ चा वेतन प्रदान कायदा झाला आणि तो २८ मार्च १९३७ पासून अमलात आला. या कायद्याचे मुख्य सूत्र असे की, कायद्याने नेमून दिलेल्या कारणांखेरीज पगारातून एक पैही कापता येणार नाही.

हा जुना कायदा आता राहिलेला नाही. त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. सूत्र मात्र तेच आहे. शिवाय जुन्या कायद्याला पगाराची मर्यादा होती (२०१७ पासून महिना २४,००० रुपये), ती संहितेत नाही. लहान दुकानातला नोकरही तिच्या कक्षेत येतो.

कलम १८ : काय कापता येते?

संहितेच्या कलम १८ मध्ये कपातीची यादी आहे. गैरहजेरी, दिलेली उचल किंवा कर्ज, भविष्यनिर्वाह निधी, आयकर, राहण्याची जागा, न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा हुकूम, ताब्यात दिलेल्या मालाचे नोकराच्या हलगर्जीमुळे झालेले नुकसान आणि नोकरावर केलेला दंड, अशी ती यादी आहे. "मालकाला पालिकेने केलेला दंड" हे कारण या यादीत नाही. जे यादीत नाही ते कापता येत नाही.

यावर मालक तीन प्रकारचे बचाव करू शकतो. ते एकेक करून पाहू.

पहिला बचाव : "यादीत दंड हा शब्द आहेच की." आहे, पण तो दंड कोणता, हे कलम १९ सांगते. नोकराच्या कोणत्या कृत्याबद्दल दंड होईल याची यादी मालकाने शासनाची किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याची आगाऊ मंजुरी घेऊन कामाच्या जागी लावलेली असली पाहिजे. दंड करण्यापूर्वी नोकराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. एका पगाराच्या मुदतीत दंड पगाराच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नये. तो हप्त्याहप्त्याने किंवा नव्वद दिवसांनंतर वसूल करता येत नाही. पंधरा वर्षांखालील मुलावर तर दंड करताच येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दंडाची नोंद वहीत करून ती रक्कम नोकरांच्याच हिताच्या कामी खर्च करावी लागते. म्हणजे रीतसर केलेला दंडसुद्धा मालकाच्या गल्ल्यात जात नाही. मग त्यातून पालिकेची पावती भरून काढण्याचा प्रश्नच उरत नाही.

हिशेब करून पाहा. पगार १२,००० रुपये असेल तर तीन टक्के म्हणजे ३६० रुपये. प्लॅस्टिकचे ५,००० रुपये या दारातून आत येऊच शकत नाहीत.

दुसरा बचाव : "माझे नुकसान झाले, ते त्याच्या चुकीने झाले." नुकसानीची कपात दोनच गोष्टींसाठी आहे. एक, नोकराच्या ताब्यात खास सोपवलेला माल. दुसरी, ज्या रोख रकमेचा हिशेब त्याने द्यायचा आहे ती रक्कम. ड्रायव्हरच्या ताब्यातील क्रेट हरवले, वसुलीचे पैसे कमी भरले, तर हे कलम लागू शकते, तेही नोकराचे म्हणणे ऐकून घेतल्यावर आणि नुकसान थेट त्याच्या हलगर्जीमुळे झाले असल्यासच. पालिकेचा दंड हा सोपवलेला मालही नव्हे आणि हिशेबाची रोकडही नव्हे. म्हणून हा बचाव आमच्या मते टिकत नाही.

तिसरा बचाव : "अर्ध्या पगारापर्यंत कापता येते ना? मी तर त्याहून कमी कापले." सर्व कपाती मिळून पगाराच्या पन्नास टक्क्यांवर जाऊ नयेत, असे संहिता म्हणते हे खरे. पण ती मर्यादा रीतसर कपातींची बेरीज कोठे थांबावी यासाठी आहे. जी कपात मुळातच गैर, ती थोडी कापली म्हणून रीतसर होत नाही.

पावतीवर नाव कोणाचे?

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. पावती दुकानाच्या, पेढीच्या किंवा मालकाच्या नावाने असेल तर देणे मालकाचे. परंतु नोकराने रस्त्यावर गुटख्याची पुडी फेकली, त्याला पकडले आणि पावती त्याच्याच नावाने झाली, तर तो दंड त्याचा. अशा वेळी त्याने मालकाकडे पैसे मागितले आणि मालकाने दिले, तर ती उचल झाली. उचल पगारातून वसूल करता येते. मात्र ती मागितलेली असली पाहिजे, आणि दोन ओळी लिहून सही घेतलेली असावी.

नोकराला न विचारताच मालकाने त्याच्या नावचा दंड भरून टाकला, तर आणखी एक अन्याय होतो. त्या माणसाला कदाचित म्हणायचे असते की, कचरा आधीच पडलेला होता किंवा तो शेजारच्या गाळ्याचा होता. पैसे भरले की गुन्हा कबूल केल्यासारखे होते आणि तक्रारीचे दार जवळजवळ लागते. म्हणून पावती हाती पडली की मालकाने ती आधी नोकराला दाखवावी.

दंडच चुकीचा वाटत असेल तर नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्यावी. तारीख, वेळ, जागा लिहावी, फोटो असल्यास जोडावा आणि पोच घ्यावी. कोणत्या नियमाखाली आणि कशाच्या आधारावर दंड झाला हे कळत नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपये भरून कागदांची नक्कल मागता येते. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

नोकराने काय करावे?

प्रथम भांडू नये, बोलावे. पुष्कळ मालकांना हा नियमच ठाऊक नसतो. बाजारातील एखाद्या जाणत्या व्यापाऱ्याला मध्ये घेतले तर निम्म्या तक्रारी तेथेच मिटू शकतात. तेवढ्याने भागले नाही तर लेखी अर्ज द्यावा. नमुना असा :

"मा. मालक/व्यवस्थापक यांस, अमुक महिन्याच्या माझ्या पगारातून अमुक रुपये कचऱ्याच्या दंडापोटी कापले आहेत. पावती माझ्या नावची नाही. कपातीपूर्वी माझे म्हणणे ऐकून घेतलेले नाही. वेतन संहिता, २०१९ च्या कलम १८ व १९ प्रमाणे ही कपात करता येत नाही. तरी सदर रक्कम पुढील पगाराबरोबर परत मिळावी, तसेच पगाराची स्लिप व दंडाच्या पावतीची नक्कल मिळावी, ही विनंती."

अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात आणि एकीवर पोच घ्यावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावा. पगाराची स्लिप देणे हे मालकाचे काम आहे. ती मिळत नसेल तर बँकेचे पासबुक, मोबाईलवर आलेल्या पैशांची नोंद, मालकाचा संदेश, हजेरीची वही, यांपैकी जे असेल ते जपून ठेवावे. कपातीचा दावा दाखल झाल्यावर पगार पूर्ण दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम ५९ ने मालकावर टाकली आहे. तरी नोकराने रिकाम्या हाताने जाऊ नये.

अर्जाला दाद मिळाली नाही तर शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे कलम ४५ खाली दावा करता येतो. चौकशी पुण्याच्या कामगार कार्यालयात करावी. दावा नोकर स्वतः करू शकतो किंवा त्याची युनियनही करू शकते. मुदत तीन वर्षांची आहे. कापलेली रक्कम तर मिळतेच, शिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा हुकूम होऊ शकतो. निकाल तीन महिन्यांत लागावा असा प्रयत्न करण्यास कायद्याने सांगितले आहे, आणि निकाल मान्य नसेल तर नव्वद दिवसांत अपील आहे. कपात २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीची असेल तर जुन्या कायद्यातील मुदत फक्त बारा महिन्यांची होती, म्हणून वकिलाचा सल्ला लगेच घ्यावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि अल्प उत्पन्नाची माणसे यांना विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. आंबेगावकरांनी घोडेगावच्या आणि जुन्नरकरांनी जुन्नरच्या न्यायालयात चौकशी करावी.

मालकांनी काय करावे?

आमचे अनेक वाचक स्वतः दुकानदार आहेत. पाचशे रुपये वाचवायला जाऊन दहापट भरपाई आणि वर ५०,००० रुपयांपर्यंत दंड ओढवून घेणे हा शहाण्याचा व्यापार नव्हे. दुकानात दोन डबे ठेवावेत, ओला-सुका कचरा कोणी, केव्हा आणि कोठे टाकायचा हे लिहून लावावे. बंदी असलेल्या पिशव्या आणूच नयेत. त्या गल्ल्याखाली ठेवून पोराला "देऊ नकोस" म्हणण्यात अर्थ नाही. टेम्पोत एक रिकामे पोते कायम ठेवावे म्हणजे पाला रस्त्यावर पडणार नाही. नोकर वारंवार चुकत असेल तर लेखी समज द्यावी. दंड पडलाच तर तो धंद्याच्या खर्चात धरावा.

आखातातील भावांसाठी

आपल्या अनेक वाचकांच्या घरची माणसे आखातात आहेत. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ चा कामगार कायदा आहे. तेथेही शिस्तीच्या दंडाची कपात मान्य नियमावलीप्रमाणेच आणि पगाराच्या पाच टक्क्यांच्या आतच करता येते. सर्व कपातींची कमाल मर्यादा तेथेही अर्ध्या पगाराचीच आहे. तेथे दंडाच्या रकमा मोठ्या असतात, म्हणून पावतीची नक्कल मागून घ्यावी आणि न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नये.

दोनशे रुपयांसाठी नोकरी कशाला धोक्यात घालायची, असा विचार करून बहुतेक जण गप्प बसतात. त्यांची अडचण आम्ही जाणतो. पण आज दोनशे गेले आणि कोणी विचारले नाही, तर उद्या पाच हजार जाताना विचारणे अधिक जड होईल. निदान पावती पाहायला मागावी. तो हक्क बजावायला वकील लागत नाही आणि पैसाही लागत नाही.