पती-पत्नींचे मतैक्य आणि सरासरीचा आभास

कुटुंबात अपत्ये किती असावीत, या प्रश्नाचे उत्तर अभ्यासक दीर्घकाळ प्रामुख्याने स्त्रियांकडूनच घेत आले. भारतात 1992–93 साली झालेल्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही स्त्रियांच्याच मुलाखती घेतल्या गेल्या. या सर्वेक्षणमालिकेत देशभरातील पुरुषांची मते 2005–06 च्या तिसऱ्या फेरीत नोंदविण्यात आली. पुढे 2019–21 च्या पाचव्या फेरीत स्त्रिया व पुरुष या दोघांनीही आदर्श मानलेल्या अपत्यसंख्येची सरासरी 2 च्या आसपास आढळली. यावरून घराघरांतील मतभेद संपुष्टात आला, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु ते घाईचे ठरेल.

उदाहरणादाखल दोन दांपत्ये घेऊ. पहिल्यात पत्नीला 2 अपत्ये हवी आहेत व पतीला 4. दुसऱ्यात पत्नीला 4 व पतीला 2. दोन्ही पत्नींच्या इच्छेची सरासरी 3, पतींचीही 3. सरासरी तंतोतंत जुळली, तरी मतैक्य एकाही घरात नाही. म्हणूनच पती-पत्नींची उत्तरे जोडीजोडीने ताडून पाहावी लागतात.

अशा सर्वेक्षणांत पत्नीला आणखी एक प्रश्न विचारला जातो: पतीला तुमच्याइतकीच मुले हवी आहेत, की अधिक, की कमी? तिचा अंदाज पतीच्या प्रत्यक्ष उत्तराशी जुळेलच असे नाही. जेथे संकोचामुळे हा विषयच निघत नाही, तेथे मौनालाच संमती मानले जाते.

शिवाय मतभेद केवळ संख्येपुरता नसतो. ‘दोन पुरेत’ यावर एकमत झालेल्या घरातही दोन्ही मुली झाल्यावर पुत्राचा आग्रह पुढे येऊ शकतो. त्या वेळी निर्णयात सासू-सासऱ्यांचाही शब्द मिसळतो.

एकमत झाले तरी त्याचा भार समान वाटला जात नाही. 2019–21 च्या सर्वेक्षणानुसार 15 ते 49 वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 38 टक्के स्त्रियांनी स्वतः नसबंदी करून घेतली होती. पतीच्या नसबंदीचे प्रमाण मात्र 0.3 टक्के होते. वस्तुतः पुरुषावरील शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी जोखमीची असते. तेव्हा दांपत्याच्या मतैक्याचा विचार करताना किती अपत्ये हवीत, एवढेच विचारून भागत नाही. तो निर्णय कोणी घेतला आणि तो कोणाच्या शरीरावर अमलात आला, हेही पाहिले पाहिजे.