धिंगरी अळिंबीची बंदिस्त जागेतील फळधारणा : काही अनुभव व निदान

आपल्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांनी अलीकडच्या काळात धिंगरी अळिंबीची लागवड करून पाहिली आहे. औषधनिर्माणशाळेमागची रिकामी खोली, क्वाथाची मोठी भांडी आणि पाण्याची सोय या तीन गोष्टी आपल्याकडे आधीच असतात. त्यामुळे हा जोडव्यवसाय आपल्याला सहज साधेल असे वाटते. प्रत्यक्षात बहुधा असे घडते, की पिशव्या उत्तम पांढऱ्या होतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या कौतुकाने दाखविल्या जातात आणि त्यानंतर एक तर काहीच उगवत नाही, किंवा जे उगवते ते पाहून ही अळिंबी आहे की मोड आलेली मटकी, असा प्रश्न पडतो. आमचीही सुरुवात अशीच झाली. त्या अपयशाचे निदान करताना जे हाती आले, ते येथे मांडत आहोत.

प्रथम शास्त्राकडे वळू. छत्रवर्गीय शाके संहिताकारांना अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४६ व्या अध्यायात उद्भिद शाकांचे वर्गीकरण त्यांच्या अधिष्ठानावरून केले आहे : पलाल म्हणजे पेंढा, ऊस, वाळलेले शेण, वेळू आणि भूमी. पेंढ्यावर येणारे ते मधुर, मधुरविपाकी, रूक्ष व दोषप्रशमन करणारे, असे त्याचे गुण दिले आहेत. आजची धिंगरी म्हणजेच सुश्रुतांचे पलालज शाक, असे आम्ही म्हणणार नाही. पेंढ्यावर वाढणाऱ्या जाती अनेक आहेत. परंतु ज्यावर पोसले गेले त्याचे गुण शाकात उतरतात, ही दृष्टी लागवड करणाऱ्याने कायम जवळ ठेवावी अशी आहे. चरकांनी याच्या उलट बाजूवर भर दिला आहे. सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायात सर्पच्छत्रक वगळून इतर छत्रजाती शीत, गुरू, मधुर व पीनस उत्पन्न करणाऱ्या सांगितल्या आहेत. म्हणून मंदाग्नीच्या किंवा जुनाट प्रतिश्यायाच्या रुग्णाला आम्ही धिंगरी देत नाही. इतरांना द्यावयाची तर सुंठ, मिरे, लसूण यांसह आणि दुपारच्या जेवणात.

आता खोलीकडे. २०२१ च्या हिवाळ्यात चिकित्सालयामागील १० फूट बाय १२ फुटांच्या खोलीत आम्ही ४० पिशव्या टांगल्या. गर्भसंभवासाठी सुश्रुतांनी सांगितलेली ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज ही चार अंगे आपल्या सर्वांच्या तोंडी असतात. त्याच क्रमाने आम्ही सर्व पाहिले होते. ऋतू थंडीचा, क्षेत्र म्हणजे सोयाबीनचे स्वच्छ काड, अंबू नेमके आणि बीज ताजे, कृषी महाविद्यालयातून आणलेले. अठराव्या दिवशी पिशव्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. आम्ही त्यांना चिरा दिल्या, दार-खिडक्या लावून घेतल्या, भिंतींना ओले गोणपाट लावले आणि वाट पाहिली.

आठवड्याने जे आले ते वीतभर लांबीचे देठ आणि त्यांच्या टोकाला शर्टाच्या गुंडीएवढी छत्रे. आम्ही निदान केले, पाणी कमी पडते. फवारणी दुप्पट केली. पुढच्या खेपेचे कोवळे अंकुर पिवळे, मग तपकिरी होऊन चिकट झाले. पुन्हा निदान केले, बाहेरची कोरडी हवा शिरते. दाराच्या फटीत कापड कोंबले. लक्षणाला चिकित्सा करीत सुटलेला नवशिका वैद्य आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या महिन्यात तो आम्हीच होतो.

खोलीत जागा न उरल्याने चार पिशव्या मागच्या पडवीत खुंटीला अडकवून ठेवल्या होत्या. विहिरीवर जाता-येता कोणीतरी त्यांच्यावर पाण्याचा हबका मारीत असे, एवढीच त्यांची शुश्रूषा. त्या चारही पिशव्यांवर तळहाताएवढ्या, आखूड देठाच्या, राखाडी छत्रांचे घोस आले. बीज तेच, क्षेत्र तेच, ऋतू तोच. फरक होता तो वायूचा.

याचे कारण समजून घेतले की पुढची सर्व कृती आपोआप सुचते. अळिंबी ही वनस्पती नव्हे. ती आपल्याप्रमाणेच प्राणवायू घेऊन कर्बवायू सोडते. निसर्गात तिचे तंतू लाकडाच्या आत वाढतात. तेथे अंधार असतो आणि कर्बवायू साचलेला असतो. तंतू पसरण्याच्या काळात पिशवीतील कर्बवायू कितीही वाढला तरी त्यांचे फारसे बिघडत नाही. उलट इतर बुरशी मागे पडतात. परंतु छत्राचे कार्य बीजाणू हवेत सोडण्याचे असते. कर्बवायू कमी झाला, प्रकाश लागला, थोडी थंडी जाणवली, म्हणजे आपण साल फोडून बाहेर आलो, असा त्या तंतूंना संकेत मिळतो. हा संकेत अर्धवट राहिला तर देठ मोकळी हवा शोधत लांबत जातो आणि छत्र उघडतच नाही. बाहेरच्या हवेत कर्बवायू दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. फळधारणेच्या खोलीत तो १००० च्या खाली राहिला पाहिजे. चाळीस पिशव्या श्वसन करीत असलेली बंद खोली हा आकडा सहज ओलांडते. प्रसव हे अपान वायूचे कर्म, असे आपण रुग्णांना सांगत असतो, आणि आम्ही मात्र वायूची वाट बंद करून प्रसवाची प्रतीक्षा करीत बसलो होतो.

म्हणजे तंतुवाढ आणि फळधारणा या एकाच पिकाच्या दोन अवस्था असल्या तरी त्यांची पथ्ये परस्परविरुद्ध आहेत. पहिल्या अवस्थेत अंधार, बंद पिशवी, २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान. तेथे वर पाणी मारण्याचे कारणच नाही. दुसरीत खेळती हवा, वर्तमानपत्र सहज वाचता येईल इतका उजेड रोज ८ ते १२ तास, तापमान शक्यतो २० ते २५ अंश आणि हवेतील आर्द्रता ८० ते ९० टक्के. शक्य असल्यास या दोन अवस्थांसाठी दोन खोल्या ठेवाव्यात. एकाच खोलीत दोन्ही अवस्थांच्या पिशव्या ठेवल्यास एकीचे पथ्य दुसरीचे कुपथ्य होते.

खरी अडचण यापुढे आहे. हवा खेळती ठेवावी तर ओलावा उडतो. ओलावा राखावा तर हवा कोंडते. घरातील लागवडीचे बहुतेक अपयश या एका पेचात अडकलेले असते. येणारी हवाच ओली करून आत घ्यावी, हा त्यावरचा उपाय आम्हांला सर्वांत उपयोगी पडला. समोरासमोरच्या भिंतींत एक झरोका खाली व एक वर ठेवला, दोन्हींना बारीक जाळी लावली आणि खालच्या झरोक्याबाहेर वाळ्याचे पडदे असलेला साधा कूलर बसविला. तो दर दोन तासांनी दहा मिनिटे चालतो. जमिनीवर दोन इंच वाळू पसरून ती ओली ठेवली आहे. कूलरचा झोत थेट पिशव्यांवर येऊ देऊ नये, नाही तर अंकुर सुकतात. त्याचे पाणी रोज बदलावे आणि वाळा आठवड्याने उन्हात टाकावा. कोकणातील वैद्यमित्रांना पावसाळ्यात यांतले काहीही लागणार नाही. तेथे जाळी लावलेली उघडी खिडकी पुरते. आर्द्रता मोजण्यासाठी ओला-कोरडा तापमापक भिंतीवर असावा. कर्बवायूचा मापकही आता बाजारात मिळतो, परंतु देठ आणि छत्र यांचे प्रमाण हाच त्याचा उत्तम मापक आहे.

रोगपरीक्षेची सवय असलेल्या वैद्याला पिशवीची लक्षणे वाचणे कठीण नाही. देठ लांब व छत्र लहान, तर कर्बवायू साचला आहे. छत्राची कड चिरलेली व कोरडी, तर आर्द्रता कमी आहे. कोवळे अंकुर पिवळे पडून चिकट होत असतील, तर पाणी थेट त्यांच्यावर पडून साचते आहे. फवारा नेहमी भिंतीवर व जमिनीवर मारावा आणि छत्रे रुपयाच्या नाण्याएवढी झाल्यावरच त्यांच्यावर धुके यावे. छत्रावर किंवा देठावर पांढरी लव येणे म्हणजे ओलावा भरपूर पण हवा स्तब्ध. फिकटपणा उजेडाच्या अभावाने येतो. हिरवा डाग दिसला की मात्र वाचन थांबवावे आणि ती पिशवी त्याच दिवशी दूर नेऊन पुरावी.

क्षेत्रसंस्काराविषयी थोडक्यात. काड ८ ते १२ तास भिजवून, निथळून, ८० अंशांच्या पाण्यात एक तास ठेवावे. क्वाथाची कढई येथे कामी येते. फॉर्मॅलिन व बुरशीनाशकाच्या पाण्यात काड बुडविण्याची रीत प्रचलित आहे, पण वैद्याच्या हातून रुग्णाच्या ताटात जाणाऱ्या वस्तूसाठी आम्ही ती वापरत नाही. गार झालेले काड मुठीत घट्ट आवळल्यावर तळवा ओला व्हावा, थेंब गळू नये. ओल्या काडाच्या २ ते ३ टक्के बीज थराथराने घालावे. तंतू पसरल्यावर पिशवी पूर्ण काढून टाकण्याची पद्धत आहे. खोलीतील लागवडीत आम्ही नुसत्या चिरा देतो, त्यामुळे काड लवकर सुकत नाही. एक किलो कोरड्या काडामागे तीन बहरांत आम्हांला ६०० ते ७०० ग्रॅम अळिंबी मिळते.

औषधनिर्माते बंधू हमखास विचारतात, की क्वाथाचा उरलेला चोथा वापरता येईल का? आम्ही करून पाहिले. दशमुळाचा नुसता चोथा आंबला. तीन भाग काडात एक भाग चोथा मिसळल्यावर तंतू चांगले पसरले. निंब, हरिद्रा यांसारख्या जंतुघ्न द्रव्यांचा चोथा त्यात घालू नये. आणि जेथे भस्मे, रसकल्प तयार होतात तेथील झाडलोट किंवा अवशेष या कामी कदापि घेऊ नयेत. पारद, नाग यांसारखे धातू अळिंबी आपल्या क्षेत्रातून शोषून घेते व साठविते. सुश्रुतांनी अधिष्ठानावरून केलेले वर्गीकरण येथे सावधगिरीचा इशारा म्हणून वाचावे.

शेवटी एक प्रसंग, जो लिहिताना आम्हांला संकोच वाटतो. दुसऱ्या वर्षी बहर भरघोस येऊ लागला. छत्रे मोठी दिसावीत म्हणून ती पूर्ण पसरून कडा वर वळेपर्यंत आम्ही काढणी लांबवीत असू. पहाटे काढणी करणाऱ्या आमच्या मदतनिसाला कोरडा खोकला लागला. दुपारनंतर अंग मोडून येई, कणकण वाटे, जिना चढताना धाप लागे. आम्ही वातज कास समजून तीन आठवडे सितोपलादी व कंटकारीचे योग दिले. दिवाळीला तो गावी गेला आणि चार दिवसांत औषधाविना बरा झाला. परतल्यावर पहिल्याच काढणीनंतर त्याच संध्याकाळी पुन्हा ज्वर. तेव्हा आमचे डोळे उघडले. पिकलेल्या धिंगरीचे बीजाणू कोट्यवधींच्या संख्येने हवेत तरंगतात. ते वारंवार श्वासावाटे गेल्यास काही व्यक्तींच्या फुप्फुसांत प्रतिक्रियात्मक शोथ होतो. संपर्कानंतर चार ते आठ तासांनी लक्षणे दिसतात, म्हणून कारण ध्यानात येत नाही. दुर्लक्ष झाल्यास फुप्फुसाला कायमचा काठिण्यदोष येऊ शकतो. चरकांचा पीनस हा भक्षणाने होणारा आहे, त्याची आणि याची सांगड घालण्याचा मोह आम्ही आवरतो. निदानपरिवर्जन मात्र दोन्हीकडे सारखेच. त्या मदतनिसाला आम्ही औषधालयात बसविले. छाती तज्ज्ञाकडून तपासून घेतली. त्यानंतर त्याला त्रास झालेला नाही.

तेव्हापासून छत्राची कड खाली वळलेली असतानाच, म्हणजे अंकुर दिसल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आम्ही काढणी करतो. वजन थोडे कमी भरते, पण चव कोवळी असते व टिकाऊपणा वाढतो. काढणीपूर्वी अर्धा तास दोन्ही झरोके उघडे ठेवून पंखा लावतो आणि आत जाणाऱ्याने नाकावर बीजाणू अडविणारा, घट्ट बसणारा मास्क लावल्याशिवाय दार उघडायचे नाही, असा नियम आहे. दम्याचा पूर्वेतिहास असलेल्या व्यक्तीला हे काम देत नाही. ज्यांनी लागवड राहत्या घरातील खोलीत केली आहे, विशेषतः जेथे त्याच खोलीला लागून रुग्णांचा बाकडा आहे, त्यांनी ती जागा आधी बदलावी.