बेघरांना आसरा

मुलांनो, 'बेघर' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. 'बे' म्हणजे शिवाय. हा 'बे' मराठीत आणि उर्दूतही आहे. ज्याला घर नाही, तो बेघर. रेल्वे स्थानकावर, पुलाखाली किंवा रस्त्याच्या कडेला रात्र काढणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात अशी सुमारे १७ लाख ७० हजार माणसे आढळली.

माणूस बेघर का होतो? काही जण म्हणतात, "आळसामुळे आणि व्यसनामुळे." दुसरे म्हणतात, "गरिबी, कर्ज आणि बेकारी यांमुळे." तुम्हांला कोणाचे म्हणणे पटते? उत्तर देण्यापूर्वी वऱ्हाडातील एका मुलाची हकिकत वाचा.

अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी देबूजीचा जन्म झाला. वडिलांना दारूचे व्यसन लागले. त्यातच त्यांचा अंत झाला. आई लहानग्या देबूला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी भावाकडे गेली. मामा कष्टाळू होते. पण सावकाराच्या कर्जापायी त्यांची शेती गेली. एक घर व्यसनाने मोडले, तर दुसरे कष्ट करूनही कर्जाने खचले. मग एकच कारण खरे कसे मानावे? शिवाय दारू वडील प्यायले. पण घर सुटले ते आईचे आणि लेकराचे. त्यांचा काय दोष?

हाच देबूजी पुढे संत गाडगेबाबा झाला. दारू पिऊ नका, कर्ज काढू नका, मुलांना शिकवा, असे ते कीर्तनातून सांगत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंना कोणी जागा देत नसे. बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभारली. मुंबईत दवाखान्यात येणाऱ्या गरिबांचीही त्यांनी सोय केली. स्वतःसाठी मात्र घर बांधले नाही.

बाबांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा देण्यास सांगितले आहे. त्याचबरोबर बेकारांना रोजगार, गरीब मुलांना शिक्षण आणि रोग्यांना औषध देण्यासही सांगितले आहे. हे सारे एकत्र का? कारण नुसत्या छपराने घर टिकत नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत बेघरांसाठी निवारे उभारण्याचा आदेश दिला. असे निवारे हवेतच. थंडी-पावसात त्यांनी जीव वाचतो. पण निवाऱ्यातून स्वतःच्या घरी जायचे, तर हाताला काम हवे.

म्हणून उघड्यावर झोपलेला माणूस दिसला, तर "हा आळशी असेल," असे लगेच म्हणू नका. त्याचे घर कशाने गेले असेल, याचा आधी विचार करा.

शब्दार्थ
आसरा – आधार, राहण्याची जागा
निवारा – ऊन, थंडी, पाऊस यांपासून रक्षण करणारी जागा
दशसूत्री – दहा गोष्टींचा उपदेश

स्वाध्याय
१. देबूची आई भावाकडे का गेली?
२. 'बे' लावून तयार झालेले पाच शब्द लिहा.
३. वर्गात दोन गट करा व चर्चा करा : 'बेघरांना आधी घर द्यावे की आधी काम?'