काळविटासाठी रायफल कोणती?

प्रश्न : आमचे शेत मुखेड तालुक्यात आहे. निजामाच्या अमदानीत आजोबांजवळ परवान्याची बंदूक असे. हल्ली काळविटांचे कळप कोवळा हरभरा फस्त करतात. लांब पल्ल्याची, अतिवेगवान गोळीची कोणती रायफल घ्यावी?
— एक शेतकरी, जि. नांदेड

उत्तर : केवळ रायफलीचाच विचार करावयाचा, तर 1925 साली आलेले .270 विंचेस्टर हे काडतूस या कामी जगप्रसिद्ध आहे. त्याची 130 ग्रेनची गोळी सेकंदास सुमारे 3,000 फूट वेगाने सुटते व दोनशे यार्डांपर्यंत फारशी खाली येत नसल्यामुळे, उघड्या माळावर दुरूनच सावध होणाऱ्या हरणांच्या बाबतीत अंतराचा अदमास थोडा चुकला तरी निभावते. परंतु हाच गुण आपल्या सपाट मुलखात दोष ठरतो, कारण हुकलेली गोळी मैलभर पलीकडे तूर कापणाऱ्या मजुरापर्यंतही पोहोचू शकते.

तथापि ही चर्चा आता केवळ तात्त्विक होय. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये काळवीट व चिंकारा पहिल्या अनुसूचीत असून, पिकाची नासाडी हे त्यांना मारण्यास कायदेशीर कारण होत नाही. गुन्हा शाबीत झाल्यास तीन ते सात वर्षांची कैद आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमातही पीकरक्षणार्थ उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा, रायफलीचा नव्हे.

तेव्हा नुकसान होताच वनपरिक्षेत्र कार्यालयात सातबाऱ्यासह लेखी अर्ज द्यावा, विनाविलंब पंचनामा करवून सरकारी भरपाई पदरात पाडून घ्यावी आणि रायफलीचा नाद सोडावा.