सोबत कोणाची आहे, ते आधी बघा

एन्नोरहून वंडलूर म्हणजे चेन्नईचं एक टोक ते दुसरं टोक. लोकलने बीच स्टेशन गाठायचं, तिथून चेंगलपट्टूची गाडी धरायची. आमच्याकडे वीजकेंद्राची राख आणि बंदराचे ट्रक, म्हणून मुलांना झाडं दिसावीत यासाठी अरिग्नर अण्णा प्राणिसंग्रहालयात जाऊ लागलो. मुलं मोठी झाली, तरी माझं जाणं सुटलं नाही. वाघांपुढची गर्दी टाळून मी चिंपांझींपुढे थांबतो. तिथे पाहून आणि घरी येऊन वाचून जे उमगलं, ते हे.

१. सकाळी जा आणि हलू नका. (मंगळवारी बंद असतं.) दुपारच्या उन्हात चिंपांझी सावलीला पडून राहतात, लोक "कुरंगु, कुरंगु" (माकड, माकड) म्हणून ओरडतात आणि पुढे सरकतात. अर्धा तास गप्प उभं राहिलं, तर कोण कोणाजवळ जाऊन बसतो, कोण आला की कोण उठून जागा देतो, हे दिसायला लागतं. एकमेकांचे केस निवांत चिवडत बसणं हे त्यांच्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. त्यात किडे-कोंडा निघतो, पण मुख्य म्हणजे नातं टिकतं.

२. दात दिसले म्हणजे हसू समजू नका. वरखालचे दात विचकलेला चिंपांझी बहुधा घाबरलेला असतो.

३. भांडणापेक्षा भांडणानंतरचं पाहा. नेदरलँड्समध्ये आर्नहेमच्या बर्गर्स प्राणिसंग्रहालयात १९७१ साली चिंपांझींची मोठी टोळी एकत्र ठेवली गेली. वानरांचे अभ्यासक फ्रान्स द वाल यांनी तिथे वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. भांडलेले दोघं थोड्या वेळाने जवळ येतात, मिठी मारतात, हे त्यांनी जगापुढे मांडलं. मामा नावाची थोराड मादी तर रुसलेल्या नरांमध्ये मध्यस्थी करायची. पण त्याच टोळीत १९८० साली लाइट या नराला दोन नरांनी रात्रीच्या खोलीत इतकं फाडलं की तो वाचला नाही. जंगलात हरलेल्याला दूर निघून जाता येतं, बंद दारामागे येत नाही. म्हणून समोरची हिरवळ पाहून मी समाधान मानत नाही. आडोसे किती, उंचावर चढायला काय, रात्री कोण कोणासोबत, हे मला विचारावंसं वाटतं.

४. बिनीला विसरू नका. ही गोष्ट आपल्या पुण्याची आहे, तरी आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक. बिनी ही ओरांगउटान मादी. २००३ साली तिला पुण्याहून ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात नेलं. तिथे ती लोकांची लाडकी झाली, कीपरांनी मायेने सांभाळली. पण तिच्या जातीचं दुसरं कोणी तिथे नव्हतं. देशातली एकुलती एक ओरांगउटान म्हणून तिची कौतुकाने ओळख करून दिली जायची. मे २०१९ मध्ये, ४१ वर्षांची होऊन ती गेली.

"ओरांगउटान एकटेच राहतात ना?" असं मला अनेकांनी म्हटलंय. नर बरेचसे एकटे हिंडतात, हे खरं. पण पिल्लू आईच्या सोबत सात-आठ वर्षं असतं, आणि मोठ्या नराची लांब हाक रानात किलोमीटरभर ऐकू जाते. एकटेपणा त्यांचा ते निवडतात, आणि त्या एकटेपणातही आसपास आपलं कोणीतरी आहे हे कानाला कळत असतं. बिनीला वर्षानुवर्षं अशी एकही हाक ऐकू आली नाही. याला मी चांगली निगा म्हणणार नाही.

५. म्हैसूर प्राणिसंग्रहालयाचा पोलो तसाच एकटा. १९९५ साली डब्लिनहून आलेला हा गोरिला २०१४ साली मेला, तेव्हा देशात दुसरा गोरिलाच नव्हता. पुढे २०२१ साली म्हैसूरने जर्मनीहून थाबो आणि देंबा हे दोन नर एकत्र आणले, सोबत मलेशिया आणि सिंगापूरहून ओरांगउटानही. दोन नर कशाला, असं वाटेल. गोरिलांच्या कळपात एका थोरल्या नराभोवती अनेक माद्या असतात, त्यामुळे उरलेल्या नरांची सोय लावावी लागते. रानातही असे नर कधी कधी मिळून राहतात. हा निर्णय मला मनापासून पटला.

६. नियम होता, पण तोकडा. आपल्या प्राणिसंग्रहालय नियमांत जोडीदाराविना वर्षाहून अधिक काळ प्राणी ठेवू नये असं म्हटलं होतं. त्यातून वय उलटून गेलेल्या, प्रजननाला निरुपयोगी प्राण्याला सूट होती. म्हाताऱ्या मादीला पिल्लं होणार नाहीत, पण केस चिवडायला कोणीतरी लागतंच. सूट तिथेच द्यायला नको होती.

७. खायला टाकू नका, डिवचू नका, ओरडू नका. वन्यजीव कायद्याच्या ३८ जे कलमाने हा गुन्हा आहे. सर्दी-खोकला असेल तर त्या बाजूला जाऊच नका, आपले आजार त्यांना लागतात.

पुढच्या वेळी कुठल्याही प्राणिसंग्रहालयात बिनशेपटीचं मोठं वानर एकटं दिसलं, तर अभिप्रायाच्या वहीत एवढं तरी जरूर लिहा: याच्या सोबतीचं काय करताय?