शेंगदाण्यातले विष

ओल्या दाण्यावर बुरा चढतो, हे सर्वांना ठाऊक आहे. बुरा म्हणजे बुरशी. त्यातली एक हिरवट-पिवळी बुरशी दाण्यात विष सोडते. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात.

ते कळले कसे? १९६० साली इंग्लंडात लाखभर टर्की मेल्या. टर्की म्हणजे कोंबडीहून मोठा पक्षी. त्यांच्या खाद्यात बुरशी आलेल्या भुईमुगाची पेंड निघाली. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. हे विष थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले, तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो.

शहरच्या बाजारात माल तपासतात. पोत्याच्या तोंडचे मूठभर दाणे घेऊन भागत नाही. शेकडो दाणे चांगले असतात आणि एखाद्यातच विष साठलेले असते. म्हणून पुष्कळ पोत्यांतून, वरून, मधून, तळातून दाणे काढतात. सगळे एकत्र दळतात. त्यातले थोडे पीठ प्रयोगशाळेत जाते. तिथे एका खास दिव्याखाली हे विष निळे-हिरवे चमकते. कडधान्याच्या एका किलोचे १०० कोटी भाग केले, तर त्यात विषाचे १५ पेक्षा जास्त भाग चालत नाहीत. इतके बारीक! डोळ्याला काय दिसणार?

आता बायांनो, तुम्हांला विचारतो. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरा आलेले दाणे तुम्ही बाजूला काढता. चांगले दाणे बाजारात जातात. बाजूचे कुठे जातात? चटणीत, नाहीतर म्हशीच्या घमेल्यात. हे आम्ही गावोगाव पाहिले आहे. "अन्न आहे, टाकायचं कसं?" असे म्हणतात. म्हणणे खोटे नाही. पण शहरच्या मालाला निदान तपासणी असते. घरची चटणी कोण तपासणार? भाजून, शिजवून हे विष पुरते जात नाही. म्हशीच्या पोटात गेले, की दुधात उतरते. ते दूध आपलेच पोर पिते.

असे दाणे पुरून टाका.

शेंगा खुळखुळ वाजेपर्यंत उन्हात वाळवा. फोडायला सोपे जावे म्हणून काहीजण शेंगांवर पाणी मारतात. तेवढ्या ओलीनेही बुरा धरतो. ते करू नका. पोती जमिनीवर न टेकवता फळ्यांवर रचा, आणि भिंतीपासून हातभर लांब.