ब्राह्मी, उंदीर आणि नैराश्य : एका प्रयोगाचा अर्थ

नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णांचे नातेवाईक आम्हांस वारंवार विचारतात, “गोळ्या बंद करून ब्राह्मी सुरू केली तर चालेल ना? ती सिद्ध झाली आहे, असे वाचले.” प्रश्न रास्त आहे. म्हणून ‘सिद्ध झाली’ याचा नेमका अर्थ येथे थोडक्यात देत आहोत.

अशा चाचणीची एक प्रचलित पद्धत पोरसोल्ट यांनी १९७७ साली मांडली. पाण्याने भरलेल्या उंच काचपात्रात उंदीर सोडतात. बाहेर पडण्याचा मार्ग न सापडल्याने काही वेळाने तो धडपड थांबवून नुसता तरंगत राहतो. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत तो किती वेळ निश्चल राहिला, हे मोजतात. नैराश्यावरील औषधांनी हा काळ घटतो. उत्तेजक द्रव्यांनीही तो घटतो. म्हणून उंदराची एरवीची हालचाल वेगळी तपासावी लागते.

बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जलब्राह्मीचा अर्क उंदरांना किलो वजनामागे २० ते ४० मिलिग्रॅम याप्रमाणे पाच दिवस दिला. परिणाम इमिप्रामिन या नैराश्यावरील जुन्या औषधाच्या तोडीचा आढळला.

हा निष्कर्ष आशादायक असला, तरी तीन बाबी ध्यानी घ्याव्यात. पहिली नावाची : जलब्राह्मी आणि मंडूकपर्णी या दोन भिन्न वनस्पती, ‘ब्राह्मी’ हे नाव मात्र दोहोंना लावले जाते. दुसरी मात्रेची : येथे त्रैराशिक चालत नाही. ४० मिलिग्रॅमच्या हिशेबाने ६० किलोच्या माणसास २,४०० मिलिग्रॅम येतात. शरीराच्या पृष्ठभागावर आधारलेल्या रूढ सूत्राने सुमारे ३९० च. हाही केवळ प्राथमिक अंदाज. खरी मात्रा माणसांवरील चाचण्यांतूनच ठरते. तिसरी बाब आजाराची : निश्चल उंदीर खिन्नच असेल असे नाही, कदाचित तो शक्ती राखून ठेवत असेल. अपराधीपणाची भावना वा जगणे नकोसे होणे उंदरात मोजता येत नाही.

म्हणून नातेवाइकांना विनंती, की चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. त्या एकाएकी थांबविल्यास त्रास होतो व आजार उलटू शकतो. काढा वा चूर्ण घेत असल्यास डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. रुग्ण जीव देण्याची भाषा करू लागल्यास त्यास एकटे सोडू नये व तत्काळ रुग्णालयात आणावे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेली ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे.